जुनी पालिओ जीटीएक्स घरी दुरुस्त करून रस्त्यावर आणायची तर: आधी कागद, मग पेट्रोलचा पाइप, पॉवर शेवटी

जुनी स्पोर्टी गाडी स्वस्तात घ्यायची, घरीच खोलायची आणि थोडी मॉडिफाय करायची, हा विचार हल्ली रील्स बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. रीलमध्ये तीस सेकंदांत गंजका सांगाडा चकाचक होतो आणि शेवटी सायलेन्सरचा आवाज ऐकू येतो. मी हे काम मुलुंडला, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, शनिवार-रविवार करून केलं. गाडी मामाची, २००२ सालची फियाट पालिओ १.६ जीटीएक्स. या लेखात ते काम कोणत्या क्रमाने करायचं, कुठे फोन उपयोगी पडतो, कुठे कायदा आडवा येतो आणि कोणती गोष्ट खरंच जिवावर बेतू शकते, ते सांगतो. गाडी दुसरी असली तरी क्रम तोच राहील.

पालिओच का?

कागदावर ही स्पोर्ट्स कार नाही, पाच दरवाज्यांची हॅचबॅक आहे. पण १.६ लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं इंजिन आणि साधारण १०० बीएचपी ताकद. त्या वर्षी रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारी मारुती ८०० साधारण ३७ बीएचपीची होती, यावरून अंदाज घ्या. सचिन तेंडुलकर पालिओची जाहिरात करायचा आणि त्याच्या नावाची 'एस१०' ही मर्यादित आवृत्ती याच जीटीएक्सवरून काढली होती. (फियाटकडून सचिनला मिळालेली फेरारी ३६० मोडेना, जिच्या आयात शुल्कावरून मोठा वाद झाला, तीही याच काळातली. ती आपल्या विषयाबाहेर आहे आणि आपल्या बजेटच्याही.)

आणखी एक कारण जास्त घरचं आहे. ही गाडी कुर्ल्याला बनली. ज्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनायची, तिथेच पुढे फियाटने पालिओ बनवली. प्रीमियर रोड हे नाव तिकडे अजून आहे. कुर्ल्याहून लोकलने निघालात तर मुलुंड सातवं स्टेशन. एवढ्या जवळ बनलेल्या गाडीचे पार्ट्स मिळवताना मात्र कधी कधी ब्राझीलपर्यंत जावं लागतं, त्याबद्दल पुढे.

रिस्टोअर आणि मॉडिफाय हे दोन शब्द आपण एका दमात बोलतो, पण त्यांचा अर्थ उलटा आहे. रिस्टोअर म्हणजे गाडी कंपनीतून निघाली तशी परत करणं. मॉडिफाय म्हणजे ती तशी नव्हती तशी करणं. पहिल्याला कायद्याची काही हरकत नाही. दुसऱ्याला आहे, आणि बरीच आहे.

पाना हातात घेण्याआधी फोन हातात घ्या

गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका. आरसी कधीपर्यंत वैध आहे, विमा आणि पीयूसीची स्थिती काय, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे कळतं. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मामाच्या गाडीची १५ वर्षं २०१७ मध्ये संपली, मामाने एकदा नूतनीकरण केलं, आणि २०२२ मध्ये ते राहून गेलं. म्हणजे मी गाडी हातात घेतली तेव्हा ती रस्त्यावर आणणंच बेकायदेशीर होतं. मामाच्या बिल्डिंगपासून आमच्या बिल्डिंगपर्यंत दीड किलोमीटर आम्ही ती टोइंग व्हॅनवर आणली. मामा म्हणाला, "अरे, एवढ्याशा अंतराला कशाला?" पण अशा गाडीने कोणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग तो खर्च आयुष्यभराचा होतो.

फीचा हिशोबही आधी करा. १५ वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांपुढच्या कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० केली गेली. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा दंड वेगळा, महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवावी लागते. 'गाडी फक्त चाळीस हजारांत मिळतेय' असं कोणी म्हणालं की या सगळ्याची बेरीज करून मग ठरवा.

इथे दोन गैरसमज कायम ऐकू येतात. पहिला, १५ वर्षांची पेट्रोल गाडी भंगारातच जाते. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाच्या संदर्भातला आहे; मुंबईत तपासणीत पास झालेली खासगी गाडी पुढे चालवता येते. मुंबईत वयाची सक्त मर्यादा होती ती टॅक्सीला, २० वर्षांची. म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. दुसरा गैरसमज म्हणजे 'जुनी आहे, व्हिंटेजमध्ये टाकू.' केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. पालिओला अजून बरीच वर्षं आहेत.

आरटीओ कोणतं, हेही बघा. मुलुंड-घाटकोपरच्या गाड्या एमएच-०३, म्हणजे वडाळ्याला. अंधेरी एमएच-०२. बोरिवलीचं एमएच-४७ नंतर सुरू झालं, त्यामुळे बोरिवली-कांदिवलीच्या २००२ च्या गाडीवर एमएच-०२ दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे.

२६ जुलैची गाडी ओळखायची कशी

उपनगरातली २००५ पूर्वीची गाडी घेताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो: २६ जुलै २००५ ला ही गाडी कुठे उभी होती? त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कलिना, अंधेरी भागात हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून परत विकल्या गेल्या. पाणी काढलं, सीट वाळवली, अत्तर मारलं की काम झालं, असं विकणाऱ्याला वाटतं. पण गाडीतल्या वायरींच्या जोडांमध्ये शिरलेलं घाण पाणी आपलं काम वर्षानुवर्षं करत राहतं.

मामाची गाडी त्या दिवशी मुलुंडलाच, उंचावर होती. पण पार्ट्ससाठी म्हणून मी कुर्ल्याला दुसरी एक पालिओ बघायला गेलो. बाहेरून झकास. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा भाग स्वच्छ, पण एरवी गुंडाळलेल्या शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातीची आडवी रेघ. सीटबेल्ट पूर्ण कोणी धूत नाही. मग कार्पेटचा कोपरा उचलला, खालच्या वायरींच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. फोनचा टॉर्च तिरका धरून हेडलाइटच्या आत बघितलं तर तिथेही पाण्याची रेघ. ती गाडी मी पार्ट्ससाठीसुद्धा घेतली नाही, कारण मला तिचे इलेक्ट्रिकल पार्ट्सच हवे होते.

पत्र्यासाठी साधं फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात ठेवा. दरवाज्याचा खालचा भाग, चाकावरची कमान, डिकीचा तळ. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे पेंटरने भरलेली पुट्टी. थोडी लांबी सगळ्या जुन्या गाड्यांत असते. पण दरवाज्याखालची जी पोकळ पत्र्याची पट्टी असते ती आतून सडली असेल तर गाडीचा कणाच गेला. फोनला टाइप-सीने जोडायचा बारीक कॅमेरा ऑनलाइन मिळतो, तो या पट्टीच्या रबरी बुचातून आत घालून बघता येतं. वेल्डिंगचं काम घरी होत नाही, त्यामुळे इथे नापास झालेली गाडी सोडून द्या.

सोसायटी नावाचं सरकार

आपल्याकडे बंगला आणि गॅरेज नसतं. पार्किंगचा एक पट्टा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या गाड्या, वर चाळीस कुटुंबं. आमच्या सेक्रेटरी काकांनी पहिल्याच रविवारी विचारलं, "हे किती दिवस चालणार आहे?" मी लिहूनच दिलं: रविवारी दहा ते एक आवाजाचं काम, वेल्डिंग नाही, स्प्रे पेंटिंग नाही, इमारतीखाली पेट्रोल काढणं नाही. हे आधी बोलून घेतलं की नंतरचे बरेच ताप वाचतात. वापरलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते पुढे ऑइल गोळा करणाऱ्यांना देतात.

गाडी उचलण्याबद्दल एकच सांगतो, पण ते पाळा. जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही. जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला जॅक स्टँड, ज्याला बरेच गॅरेजवाले घोडी म्हणतात. आपल्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात आणि ते जड वजनाखाली एका बाजूने खचतात. त्यामुळे घोडीखाली जाड प्लायवूडचा तुकडा, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि खाली जाण्याआधी गाडीला एक जोरदार हिसका देऊन बघणं. हलली तर परत लावायचं.

आणि प्रत्येक नट सोडवण्याआधी एक फोटो, सोडवल्यावर एक फोटो. सगळ्यात जास्त उपयोगी 'ॲप' हेच आहे. स्क्रू झिपलॉक पिशवीत, पिशवीवर तारीख लिहून, म्हणजे गॅलरीत त्याच तारखेचा फोटो सापडतो. मी सुरुवातीला आळस केला आणि डॅशबोर्ड परत लावल्यावर चार स्क्रू हातात उरले. तो अजून थोडा खडखडतो.

जिथे मी खरंच घाबरलो

गाडी दोन वर्षं बंद होती. नवीन बॅटरी लावली, चावी फिरवली, मागे पंपाचा दोन सेकंद घूं असा आवाज आला. इंजिन चालू केलं नाही, कारण टायमिंग बेल्ट बदलायचा होता. पुढच्या दोन दिवसांत मी असंच काही तरी तपासायला पाच-सहा वेळा चावी फिरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन म्हणाला, "दादा, तुमच्या गाडीपाशी पेट्रोलचा वास येतोय."

बॉनेट उघडलं. इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या लोखंडी नळीच्या शेवटी जो रबरी पाइपचा तुकडा असतो, तो ओला होता. बोटांनी वाकवला तर बारीक भेगा उघडल्या. हा मूळ पाइप नव्हता. पूर्वी कधी तरी एका गॅरेजमध्ये साधा काळा पाइप कापून, पट्टी आवळून बसवला होता. चाळीस कुटुंबं वर, शेजारी दोन नव्या गाड्या, आणि मी चावी फिरवतोय.

आता यामागचं तंत्र. कार्बोरेटरच्या गाडीत, म्हणजे जुन्या पद्मिनीत, पेट्रोल अगदी कमी दाबाने येतं. पालिओसारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत साधारण तीन बारचा दाब असतो. म्हणजे भेग पडली की पेट्रोल ठिबकत नाही, फवारतं, आणि तेसुद्धा गरम इंजिनवर. चावी नुसती 'ऑन' केली तरी पंप काही सेकंद चालून हा दाब तयार करतो. म्हणून दुकानात 'पेट्रोल पाइप द्या' एवढं म्हणून भागत नाही. पाइपवर छापलेलं वाचा. इंजेक्शनच्या गाडीसाठी त्यावर 'एसएई जे३०' या मानकातलं 'आर९' असं लिहिलेलं असतं. 'आर६', 'आर७' हे कमी दाबाचे. क्लिपही धार नसलेली, इंजेक्शनसाठीची घ्या. आटे कापलेली साधी पट्टी रबराला चिरते.

यात आता आणखी एक गोष्ट वाढली आहे, ती म्हणजे ई२०. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचं रबर आणि सील ते धरून बनवलेलं आहे. २००२ च्या गाडीचं नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, कडक करतं, टाकीत जमलेला कचरा सोडवून फिल्टरमध्ये आणतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईच्या जुलैत हवेत पाणीच पाणी असतं. त्यामुळे गाडी दीड-दोन महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल पडून राहू देऊ नका. ॲव्हरेज थोडं कमी होईल, तेही गृहीत धरा, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते.

मी टाकीपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा, इंजेक्टरच्या रबरी रिंगा आणि फिल्टर बदलले. टाकी रिकामी करण्यासाठी गाडी टोइंगने गॅरेजला नेली, कारण ते काम इमारतीखाली करायचं नाही असं मीच लिहून दिलं होतं. त्या दिवसापासून कामाच्या जागी पावडरचं अग्निशामक सिलिंडर असतं. रिस्टोरेशनच्या व्हिडिओत हा पाइप कधी दिसत नाही, कारण तो बदलल्यावर गाडी दिसायला तशीच असते.

थांबणं, मग धावणं

पेट्रोलनंतर ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ठराविक प्रमाणात पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सारखा ब्रेक दाबला की ते आतच उकळतं, वाफ होते, आणि पॅडल जमिनीला टेकतं. दोन वर्षं उभ्या गाडीचं ऑइल बघायचंही नाही, सरळ बदलायचं. चाकाजवळचे रबरी ब्रेक पाइप बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद झालेले असू शकतात. एक चाक सोडल्यावरही जाम राहत असेल तर संशय तिथे घ्या. हे काम पहिल्यांदा अनुभवी मेकॅनिकला शेजारी बसवूनच करा. मीही तसंच केलं.

टायरच्या बाजूला 'डॉट'नंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार बघा, अंधारात असतील तर फोनने फोटो काढून झूम करा. '१४१६' म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. मामाच्या टायरवर नक्षी भरपूर होती, आणि वय नऊ वर्षं. टाकून दिले. नवीन, चांगल्या प्रतीचे टायर हीच या गाडीतली सगळ्यात मोठी 'परफॉर्मन्स' सुधारणा ठरली, आणि ती शंभर टक्के कायदेशीर आहे.

टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, वयावरही बदलायचा असतो. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्टबरोबर त्याचा टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदला, कारण परत तिथपर्यंत पोचायला तेवढीच मजुरी लागते.

स्कॅनरने सगळं कळत नाही

आता तुमच्या आवडीचा भाग. ईएलएम३२७ नावाचा ब्लूटूथ स्कॅनर गाडीला लावला की फोनवर एररचे कोड दिसतात, हे खरं. पण आपल्याकडे गाड्यांना ओबीडी सक्तीचं झालं ते एप्रिल २०१० पासून, आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत ओबीडीसारखं दिसणारं सॉकेट असलं तरी आतला संगणक, म्हणजे ईसीयू, कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलत असतो. मी स्कॅनर लावला, ॲप 'कनेक्टिंग' म्हणत बसलं, मी ईसीयू उडाला समजून घाबरलो. उडाला नव्हता. जुन्या फियाटसाठी लॅपटॉप, केकेएल नावाची केबल आणि खास फियाटचं सॉफ्टवेअर लागतं. हे सगळं असणारा माणूस शोधायला मला तीन आठवडे लागले. तोपर्यंत मल्टिमीटरने बरंच काही कळलं.

उदाहरण सांगतो. हेडलाइट मंद होते. सगळे म्हणाले एलईडी टाक. मी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १४.१ व्होल्ट. बल्बच्या मागे मोजलं, ११.८. उरलेले दोन व्होल्ट जुन्या बारीक वायरीत आणि स्विचमध्ये जात होते. हॅलोजनचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरला तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घसरतो. जाड वायर, दोन रिले आणि फ्यूज टाकून बॅटरीतून सरळ पुरवठा दिला, तोच कंपनीचा बल्ब पांढरा पेटला. हॅलोजनसाठी बनवलेल्या लाइटमध्ये एलईडी टाकला असता तर समोरच्याच्या डोळ्यात उजेड गेला असता आणि रस्त्यावर कमीच पडला असता.

ईसीयू रीमॅप करून पॉवर वाढवण्याबद्दल: टर्बो असलेल्या गाडीत रीमॅपने चांगला फरक पडतो. पालिओच्या या इंजिनात टर्बो नाही. जेवढी हवा आत येते तेवढीच येते. निरोगी इंजिनाचे मूळ १०० बीएचपी परत मिळवणं हेच जास्त शहाणपणाचं. माझ्या गाडीत कॉइल, प्लग, ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिन माउंटिंग बदलल्यावर मामा एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "ही अशी नवीन असतानाच पळायची."

कायदा कुठे आडवा येतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून. त्याच जातीचं दुसरं इंजिन टाकायचं तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर हवा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर नाही. पुढे लोखंडी बुलबार नाही. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली करणं नाही, आणि एलबीएस मार्गावरचे स्पीडब्रेकर बघता कोणाला ते परवडेल असंही वाटत नाही.

एक सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो: "शेठ, कॅट काढून टाका, गाडी मोकळी श्वास घेईल." कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं बेकायदेशीर आहे आणि त्याचा फायदा कानाला जास्त, गाडीला कमी होतो. पीयूसीत ते कधी ना कधी उघडं पडतं.

मी केलेले बदल एवढेच: रिले, सस्पेन्शनचे सगळे नवीन बुश, चांगले टायर, आणि काढून परत मूळचा लावता येईल असा एक म्युझिक सिस्टिम. फियाटने २०२० मध्ये, बीएस६ आल्यावर, भारतातली आपली कार-विक्री गुंडाळली, त्यामुळे पार्ट्सचा शोध हाच खरा छंद होऊन बसतो. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि कापडिया नगर इथे पायी फिरा, जुना पार्ट हातात घेऊन. पार्टवर कोरलेला नंबर फोनवर शोधला की तोच पार्ट पेट्रा, सिएना किंवा ॲडव्हेंचरमध्ये बसतो हे कळतं. पालिओ ब्राझीलमध्ये भरपूर विकली गेली, त्यामुळे काही गोष्टी तिकडून येतात. कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. ब्रेक आणि पेट्रोलचे पार्ट्स मात्र भंगारातले कधीच घेऊ नका.

आरटीओचा दिवस

परिवहनच्या वेबसाइटवर फॉर्म २५ भरला, फी भरली, नवीन विमा आणि पीयूसी जोडलं, तारीख घेतली. गाडी परत टोइंगने वडाळ्याला. निरीक्षक साहेबांनी लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हँडब्रेक बघितले, खाली वाकून सायलेन्सर बघितला. मग म्हणाले, "चासी नंबर दाखवा."

गंज लागू नये म्हणून मी खालून आणि बॉनेटमध्ये मोठ्या उत्साहाने काळं कोटिंग मारलं होतं. नंबरवरसुद्धा. भर उन्हात थिनरची बाटली आणि जुनं बनियन घेऊन मी तो पत्रा अर्धा तास पुसत होतो, मागे आठ गाड्यांची रांग. एक रिक्षावाले काका उतरून आले आणि त्यांनी पुसायला हात लावला. नंबर दिसला, ठसा घेतला गेला. तुम्ही रंगकाम सुरू करण्याआधी आपल्या गाडीचा चासी आणि इंजिन नंबर कुठे कोरलेला आहे ते शोधा, त्यावर टेप लावा आणि त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा.

आठवड्याभराने एमपरिवहनवर नवीन तारीख आली, पाच वर्षांची. स्क्रीनशॉट मी आधी मामाला पाठवला, मग वॉचमनला.